कोणाच्या घोड्याचे रक्त तपासायचे?

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना मोकळीक मिळते, आणि गोंदिया जिल्ह्यात ज्या थोड्या घरांच्या अंगणात घोडी बांधलेली असते त्या घरांचे वर्षाचे पोट तेव्हापासून पुढच्या ज्येष्ठापर्यंतच्या वरातींवर चालते. नेमक्या याच सुमारास काही घोड्या कामाच्या उरत नाहीत. पावसाळ्यात केव्हातरी ताप येऊन गेलेला असतो. तो आपोआप उतरला म्हणून कोणी मनावर घेतलेला नसतो. भाद्रपदात पुन्हा ताप, पुन्हा उतार. घोडी तोबऱ्यातली चंदी संपवते, वैरण खाते, तरी बरगड्या मोजता येऊ लागतात. पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, हिरड्या पांढुरक्या पडतात, चालताना मागचा भाग डुलू लागतो. घरचा म्हणतो, नजर लागली. शेजारचा सांगतो, डाग द्या. तापल्या सळईचा डाग दिला जातो, आणि कार्तिकात तीच घोडी झूल पांघरून बँडच्या मागे उभी केली जाते. तिचे मागचे पाय वाकतात ते फटाक्यांच्या आवाजाने नव्हे, नवरदेवाच्या वजनानेही नव्हे. तिच्या अंगात रक्तच उरलेले नसते. विसार घेतलेला असतो, म्हणून मालक तिला तशीच ओढतो. त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे. पण त्या घरी दुसरी घोडी नाही, जमीन नाही, आणि घोडी घेताना काढलेले कर्ज फिटलेले नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते म्हणवणार नाही.

या दुखण्याचे नाव सर्रा. 'ट्रायपॅनोसोमा इव्हान्साय' हा सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा एकपेशीय परजीवी घोड्याच्या रक्तात वाढतो आणि आठवड्यांत किंवा महिन्यांत जनावर संपवतो. त्याचे वाहन घोडमाशी. घोडमाशीचा डंख दुखरा असतो. जनावर शेपटी झाडते, कातडी थरथरवते, माशी अर्ध्या पोटी उडते आणि शेजारच्या जनावरावर बसून उरलेले पोट भरते. तिच्या सोंडेला लागलेले रक्त या जनावरातून त्या जनावरात जाते, एवढ्यानेच रोग पसरतो. हिवतापाच्या जंतूला डासाच्या अंगात आपली वाढ पुरी करावी लागते. सर्रा रोगाच्या जंतूला माशीकडून असले काहीच नको असते. माशी ही त्याच्या दृष्टीने न धुतलेली सुई आहे. शिवाय हा परजीवी आपले बाहेरचे आवरण वरचेवर बदलतो. शरीराने एका आवरणाविरुद्ध तयारी केली की दुसऱ्या आवरणाची पिलावळ वर येते. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, तो यामुळेच. आणि या रोगावर लस निघू शकलेली नाही तीही यामुळेच.

आता गोंदियाची भूमी डोळ्यांपुढे आणावी. जुन्या मालगुजारी तलावांचा आणि बोड्यांचा हा मुलूख. पावसाळाभर धानाच्या बांध्यांत पाणी उभे, तलावांच्या काठचा चिखल आश्विनापर्यंत ओला, आणि गाव संपले की जंगल सुरू. घोडमाशीची अंडी-अळी याच ओल्या मातीत वाढते. याच पाण्यात म्हशी दिवसभर बसतात, आणि म्हैस किंवा गाय हा परजीवी अंगात बाळगून पुष्कळदा वरवर धडधाकट दिसते. दूध थोडे आटते, एखादी गाभण गाभडते, त्याचा संबंध कोणी रक्ताशी जोडत नाही. अशा गोठ्यालगत एक घोडी बांधलेली असते. म्हशीच्या अंगात जो जंतू गुमान बसतो, तो घोडीच्या अंगात तिचा जीव घेतो.

सर्रा एकटा नाही. गोचिडांमार्फत पसरणारे आणखी दोन परजीवी, 'थायलेरिया इक्वाय' आणि 'बाबेसिया कॅबॅलाय', घोड्याच्या तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात. ताप, कावीळ, कधी तांबडी लघवी, आणि तीच अशक्तता. पहिल्याची लागण झाली की घोडे बरे दिसू लागले तरी बहुधा जन्मभर परजीवी बाळगून राहते, आणि कामाचा किंवा प्रवासाचा ताण पडला की पुन्हा कोसळते. तिन्ही रोगांची बाह्य लक्षणे एकमेकांत मिसळलेली, उपचार मात्र वेगळे. म्हणून अनुभवी डोळ्यालाही केवळ पाहून निर्णय देता येत नाही. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. तो थेंब ताप असताना घ्यावा लागतो, कारण ताप उतरलेल्या दिवशी परजीवी रक्तात इतके विरळ असतात की काच कोरीच दिसते. मग जनावर 'निर्दोष' ठरते आणि पंधरवड्याने मरते.

एवढे ज्ञान काही काल-परवाचे नाही, आणि ते परमुलखातून आलेलेही नाही. ग्रिफिथ इव्हान्स हा ब्रिटिश लष्कराचा पशुवैद्य. १८८० मध्ये पंजाबातील डेरा इस्माइल खान येथे लष्कराच्या घोड्यांची व उंटांची मरतूक शोधण्यासाठी त्याला पाठवले गेले. आजारी जनावरांच्या रक्तात वळवळणारे जीव त्याला दिसले. ते रक्त निरोगी जनावरांत टोचून त्याने रोग उत्पन्न करून दाखवला. वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत पडले की असले जीव निरुपद्रवी आहेत, ते रोगाचे कारण असू शकत नाहीत. फाइल बंद झाली. इव्हान्स १९३५ पर्यंत, पुरी शंभर वर्षे जगला, म्हणून आपण बरोबर होतो हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले. सगळ्याच संशोधकांना वरिष्ठांपेक्षा जास्त जगण्याची सोय नसते. जॉन हेन्री स्टील याने १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्करी वाहतुकीच्या खेचरांत हाच रोग पाहिला आणि परजीवीला इव्हान्सचे नाव दिले. पुढच्याच वर्षी परळला मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, त्याचा पहिला प्राचार्य हाच स्टील. १८८९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारने जंतुशास्त्राची शाही प्रयोगशाळा उघडली. तिचा प्रमुख अल्फ्रेड लिंगार्ड याने जे विषय प्रथम हाती घेतले त्यांत घोड्यांचा सर्रा होता, आणि त्याचा अहवाल १८९३ मध्ये मुंबईत छापला गेला. त्याच वर्षी ती प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

डेरा इस्माइल खान, ब्रह्मदेश, पुणे. तीन ठिकाणे, आणि तिन्ही ठिकाणी शोधामागचे कारण एकच: साम्राज्याला घोडा हवा होता. घोडदळ, तोफखाना, रसदीची खेचरे यांच्या पाठीवर ते राज्य उभे होते, म्हणून घोड्याच्या रक्तात काय आहे हे पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकाला पैसा मिळाला. गावच्या टांगेवाल्याचे किंवा वंजाऱ्याचे तट्टू मरते म्हणून ती प्रयोगशाळा निघाली नव्हती. राज्यकर्त्यांचा माल जिथे जाई तिथे रोगही जाई, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९०१ मध्ये भारतातून नेलेल्या गुरांबरोबर सर्रा मॉरिशसला पोचला आणि उसाच्या मळ्यांवरील ओढकामाची जनावरे पटापट मेली. त्या मळ्यांवर राबणाऱ्या गिरमिटियांत कोकणातून, देशावरून गेलेली मराठी माणसेही होती. मळेवाल्यांनी जनावरांऐवजी रुळांवरच्या छोट्या गाड्या आणून आपली सोय लावली. राबणाऱ्यांच्या गोठ्यातील जनावराची भरपाई कोणी केली, याची नोंद इतिहासात शोधत बसावी लागते.

स्वातंत्र्यानंतर लष्कराला घोडा पूर्वीइतका लागेनासा झाला, आणि सर्रा रोगाचा आश्रयदाता गेला. रोग मात्र होता तिथेच राहिला. टांगा गेला, ऑटोरिक्षा आली. ओझ्याची तट्टे गेली, टेंपो आला. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील घोडे-तट्टे सुमारे सव्वासहा लाखांवरून सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी झाली. या आकड्याकडे पाहून अधिकारी म्हणतात, घोडा कालबाह्य झाला. पण निम्मी घोडी गेली ती यंत्रामुळे किती आणि विनाउपचार मेलेल्या घोडीच्या जागी दुसरी घेण्याची ऐपत नसल्यामुळे किती, हे विचारण्याचे कष्ट गणनेने घेतलेले नाहीत. गणना डोकी मोजते. जनावर का गेले हा रकाना तिच्यात नाही.

घोड्याला देशात आज कोणी वालीच नाही असे मात्र नाही. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र १९८५ पासून आहे, तिथले शास्त्रज्ञ याच रोगांवर उत्तम काम करतात, आणि गोचिडांमार्फत होणाऱ्या घोड्यांच्या या रोगांसाठी त्या केंद्राला २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी जुलैत मेरठच्या छावणीतील लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला 'अश्वरोगमुक्त क्षेत्र' म्हणून त्याच संघटनेने मान्यता दिली. ज्या रोगांपासून ते क्षेत्र मुक्त ठरले त्यांत सर्रा आहे आणि गोचिडांचे हे रोगही आहेत. हेतू असा की भारतीय स्पर्धेच्या घोड्यांना परदेशी जाता यावे. यात वाईट काहीच नाही. उलट या यशातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. इच्छा असली, कुंपण असले, माशी-गोचीड यांचा बंदोबस्त केला आणि वेळोवेळी रक्त तपासले, तर याच देशात, याच हवेत घोडा या रोगांपासून मुक्त ठेवता येतो. मेरठला जे जमते त्याचा शतांश देवरीला किंवा सालेकसाला का जमत नाही, याचे उत्तर जंतुशास्त्रात सापडणार नाही.

ते उत्तर अर्थसंकल्पात सापडते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात दुरुस्ती करून घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीच्या उद्योगाला ५० टक्के भांडवली अनुदान जाहीर केले. मर्यादा ५० लाख रुपये. म्हणजे हे अनुदान पुरते उचलायचे तर तितकेच भांडवल आधी स्वतःजवळ किंवा बँकेत पत असलेल्याजवळ हवे. ज्याच्या अंगणात एक घोडी आहे आणि जो कुडाच्या भिंतीला टेकून तिच्या तापाचे दिवस मोजतो, त्याच्यासाठी या योजनेत जागा नाही. त्याच दुरुस्तीने पशुविम्यात लाभार्थ्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला, आणि विम्याच्या यादीत ओझ्याची जनावरेही आहेत. परंतु विम्याचा दावा पशुवैद्यकाच्या दाखल्यावर उभा असतो. ज्या जनावराचे जिवंतपणी रक्त तपासले गेले नाही त्याच्या मृत्यूचे कारण दाखल्यावर काय लिहिणार? रोगनिदान हीच जिथे मुळातली उणीव आहे तिथे विमा हे छत नसून छताचे चित्र आहे.

२००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत सर्रा आहे. अनुसूचित रोगाचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे, असे तो कायदा सांगतो. कर्तव्य मालकावर टाकले गेले. त्या रोगाचे नाव त्याला कोणी सांगायचे हे कोणावर टाकले गेले नाही. आपल्या राज्याची पशुवैद्यकीय यंत्रणा कृत्रिम रेतन, लसीकरण आणि दूध यांभोवती उभी आहे. लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिसच्या निर्मूलनासाठी २०१९ मध्ये केंद्राने १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. तो योग्यच होता, कारण गाय-म्हैस बाळगणाराही गरीबच आहे आणि त्याच्या विरुद्ध घोडीवाल्याला उभे करणे हा आपल्या चळवळीचा मार्ग नव्हे. प्रश्न एवढाच की शासनाची दृष्टी जनावराकडे वळते ती बाजारात जाणाऱ्या मालाच्या बाजूने वळते. दूध, मांस, निर्यात यांच्या हिशेबात जे जनावर बसते त्याला टोचणी मिळते. घोडी दूध विकत नाही. ती केवळ एका भूमिहीन कुटुंबाचे श्रमाचे साधन आहे, आणि श्रमाच्या साधनाला या हिशेबात रकाना नाही.

आपल्यातीलच काही कार्यकर्ते या प्रश्नावर हसतील. घोडा म्हटला की त्यांना मालगुजार आठवतो. आठवण खोटी नाही. या भागात घोड्यावरून शेतसारा वसूल करणारे फिरत आणि वेठीला धरलेली माणसे पायी चालत. पण मालगुजारी १९५१ मध्ये गेली. आज वरातीच्या घोडीवर तासभर जो बसतो त्याची ऐट सर्वांना दिसते, लगाम धरून जो चालतो त्याचे पाय कोणी पाहत नाही. घोडी त्याची असते, ऐट त्याची नसते. सरंजामशाहीचे चिन्ह म्हणून घोड्याला नाकारणाऱ्याने निदान एवढे तपासून पाहावे की चिन्ह कोणाचे आणि कर्ज कोणाचे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मूठभर घोड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर चंद्रपूर जिल्ह्याने २००४ मध्येच दिले आहे. सिंदेवाही तालुक्यातील एका शेतकऱ्याला महिनोन् महिने ताप येत-जात होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच्या रक्ताची काच पाहिली तेव्हा तिच्यावर हिवतापाचे जंतू नव्हते, सर्रा रोगाचे होते. माणसाला हा परजीवी होत नाही अशी तोवर सर्वांची समजूत होती. त्या रुग्णाचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि झाडीपट्टीतील एका धानकऱ्याचे रक्त जगभरच्या शास्त्रज्ञांच्या चर्चेचा विषय झाले. पुढे कळले की माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते आणि त्या शेतकऱ्याच्या रक्तात जन्मतःच ते नव्हते. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. अशी माणसे विरळा. पण त्याच गावातील १,८०६ लोकांच्या रक्ताची पाहणी केली तेव्हा ४१० जणांच्या रक्तात या परजीवीशी संबंध आल्याची खूण सापडली. त्यांतील सर्वाधिक खूण असलेल्या साठ जणांचे रक्त पुन्हा पाहिले, प्रत्यक्ष परजीवी कोणातही आढळला नाही. माणसे निरोगी होती, परंतु त्यांच्या गोठ्यांत जंतूचा वावर केवढा असला पाहिजे हे त्या ४१० खुणांनी सांगितले. तोच धानाचा चिखल, त्याच म्हशी, तीच घोडमाशी गोंदियात आहे. अशा मुलखात रोग प्रथम ओरडून सांगते ती घोडी, कारण म्हैस गप्प बसते. तिचे रक्त तपासणे म्हणजे गावाच्या गोठ्याचे रक्त तपासणे. आणि ज्या सूक्ष्मदर्शकाने घोडीची काच पाहायची त्यानेच संकरित गाईचा थायलेरिया दिसतो, बैलाचा बाबेसिया दिसतो. मूठभर घोड्यांच्या नावाने मागितलेले साधन हजारो गुरांच्या उपयोगी पडते.

त्या शेतकऱ्याला वाचवणारे औषध सुरामिन. ते जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळवावे लागले. या औषधाची कथा समाजवाद्यांनी विसरू नये. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बायर या जर्मन कंपनीने ते शोधले, 'बायर २०५' असे नुसते क्रमांकाचे नाव देऊन त्याची घडण गुप्त ठेवली, आणि आफ्रिकेतील निद्रारोगाने माणसे मरत असताना गुपित तसेच राखले. १९२४ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एर्नेस्त फूर्नो याने ती घडण उलगडून जाहीर केली, तेव्हा मक्तेदारी तुटली. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने आणि १९७५ च्या हाथी समितीने माणसांच्या औषधांबाबत हाच प्रश्न ऐरणीवर आणला होता. जनावरांच्या औषधांकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्राने पशुऔषधांच्या स्वस्त, मूळनावाने विकल्या जाणाऱ्या पुरवठ्यासाठी ७५ कोटी रुपये ठेवले, हे उशिरा का होईना, बरे झाले. सर्रा रोगावर घोड्याला टोचायचे क्विनापायरामिन आणि गोचिडांच्या रोगांवरचे इमिडोकार्ब ही औषधे नवी नाहीत. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ती तालुक्याच्या दवाखान्यात मिळतात की मालकाला चिठ्ठी घेऊन गोंदिया-नागपूरच्या दुकानांत पाठवले जाते, ही त्या ७५ कोटींची खरी परीक्षा आहे. अर्धी मात्रा परवडते म्हणून अर्धीच टोचली तर परजीवी दबतो, मरत नाही, आणि जो उरतो तो औषधाला सरावलेला उरतो. गरिबीमुळे अपुरी राहिलेली एक टोचणी पुढे सगळ्या गावाच्या जनावरांना महाग पडते.

ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै २००० मध्ये बारा वाघ याच रोगाने गेले. देशभर बातम्या झाल्या, जबाबदारी विचारली गेली. ते रास्तच होते. गोंदियातही नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ आहेत, ते २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षणात आहेत, आणि जंगलालगतच्या गोठ्यांतील रोग त्या जंगलापर्यंत पोचू नये ही चिंता वनखात्याने करावी असेच कोणीही म्हणेल. करायचीच तर ती गोठ्यापासून करावी लागेल. वाघासाठी तरी घोडीचे रक्त तपासा, असे म्हणण्याची वेळ यावी यात जो उपहास आहे तो लिहिणाऱ्याने घातलेला नाही.

मागणी मोठी नाही. आठही तालुक्यांच्या पशुचिकित्सालयांत चालू स्थितीतील सूक्ष्मदर्शक, काच रंगवण्याचे द्रव्य आणि काच पाहण्याचे शिक्षण मिळालेला माणूस. पावसाळ्याच्या तोंडी या तीन रोगांवरच्या औषधांचा साठा. १९६२ क्रमांकावर बोलावल्या जाणाऱ्या फिरत्या पथकाजवळ काचपट्ट्या. आणि ज्या काचा तिथे उमगणार नाहीत त्या नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवून निकाल मालकाच्या हाती देण्याची बांधील मुदत. रिक्त पदे हा पशुसंवर्धन खात्याचा जुना आजार आहे, आणि जिथे एका माणसाकडे तीन दवाखाने आहेत तिथे त्याच्यावरच खेकसून काही साधणार नाही. तोही याच व्यवस्थेने पिचलेला नोकर आहे. लढा जिल्हा परिषदेत आणि जिल्हा नियोजन समितीत करायचा आहे. घोडीवाल्यांची संघटना नाही, ते विखुरलेले आहेत, मतांच्या हिशेबात त्यांचे वजन नाही. म्हणून त्यांच्या बाजूने दुधाच्या सहकारी संस्थांनी, शेतमजुरांच्या सभांनी बोलले पाहिजे, आणि ते कार्यकर्त्यांशिवाय घडणार नाही.

आरंभ पोळ्याला करावा. त्या दिवशी बैल तोरणाखाली येतात, सारा गाव जमतो. घोडीचा मालकही गावातच असतो, कारण चातुर्मासात वराती नसतात. माशीचा जोर तेव्हा पुरता असतो आणि उपचाराला लग्नसराईपर्यंत अवधीही असतो. पशुवैद्यकाला आधी सांगून त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला रक्ताच्या काचा घ्याव्यात. केवळ घोड्यांच्या नव्हे, त्यांच्या शेजारी बांधल्या जाणाऱ्या म्हशींच्याही. एका जनावराला एकच सुई वापरली जाते की नाही हे कार्यकर्त्याने स्वतः उभे राहून पाहावे, कारण एकाच सुईने सगळा गाव टोचणारे शिबिर घोडमाशीचेच काम करते. प्रत्येक जनावराचा ताप मोजून लिहावा. काच निर्दोष आली आणि मालक मात्र सांगतो की आठवड्यापूर्वी ताप होता, तर त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवून पुढच्या तापाच्या दिवशी पुन्हा काच घेण्याची व्यवस्था करावी. गेल्या दोन वर्षांत गावात मेलेल्या घोड्या-तट्टांची, त्यांच्या लक्षणांची आणि मालकावर उरलेल्या कर्जाची नोंद त्याच कागदावर घ्यावी. ही गावनिहाय यादी पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडे दोन प्रतींत द्यावी, आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.